छोट्या सभागृहातली मैफल शूट करताय? साहित्य निवडण्यापूर्वी हे वाचा

गुरुपौर्णिमेचा कार्यक्रम असो, संगीत वर्गाचं वार्षिक संमेलन असो की दीडशे-दोनशे खुर्च्यांची मैफल, दुकानात पहिला प्रश्न ठरलेला: "कॅमेरा कोणता घेऊ?" आम्ही म्हणतो, आधी आवाजाचं बघा. चित्र जरा डावं असलं तर लोक चालवून घेतात, आवाज फाटला की लगेच बंद करतात.

आवाज

कॅमेऱ्यावरच्या माइकवर विसंबू नका. मागच्या रांगेतून त्याला गाण्याआधी एसी आणि शेजारची कुजबुज ऐकू येते. चार ट्रॅकचा, म्हणजे चार आवाज वेगवेगळे नोंदवणारा, रेकॉर्डर घ्या. दोन ट्रॅकवर साउंडवाल्याच्या मिक्सरचं (स्टेजवरच्या माइकचे आवाज एकत्र करणाऱ्या यंत्राचं) आउटपुट, उरलेल्या दोनवर स्टेजसमोर स्टँडवर लावलेली कंडेन्सर (बारीक आवाजही टिपणाऱ्या) माइकची जोडी. नुसतं मिक्सरचं रेकॉर्डिंग कोरडं लागतं. शिवाय छोट्या सभागृहात तबला मुळातच खणखणीत ऐकू येतो, म्हणून साउंडवाला तो मिक्सरवर कमी ठेवतो आणि रेकॉर्डिंगमध्ये तो हरवतो. समोरची जोडी ती कसर भरून काढते, श्रोत्यांची दादही तिच्यातच येते. या माइकना ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा, म्हणजे माइकच्या केबलमधूनच मिळणारी वीज, लागतो. तो रेकॉर्डरवर आहे ना, हे घेतानाच बघा.

लेव्हल, म्हणजे रेकॉर्डरवरची आवाजाची पातळी, आलापावर लावू नका. तबलजींना जोरकस रेला (जलद बोलांची लड) वाजवायला सांगा आणि काटा उणे १२ डेसिबलच्या आत ठेवा. तबला सुरात मिळवताना गजऱ्यावर (तबल्याच्या चामड्याच्या विणलेल्या कडेवर) पडणारी हातोडी याहून वर जाते, ती जाऊ द्या.

कॅमेरा आणि लेन्स

काही फोटो कॅमेरे, विशेषतः जुने, २९ मिनिटं ५९ सेकंदांनी रेकॉर्डिंग थांबवतात; विलंबित ख्याल तेव्हा कुठे रंगात येत असतो. सलग रेकॉर्डिंग होणारा आणि थेट विजेवर चालणारा कॅमेराच निवडा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० सेकंद शटर ठेवा, म्हणजे एलईडी दिवे सहसा लुकलुकत नाहीत. एक्स्पोजर (चित्राचा उजेड) आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) मॅन्युअलवर. ऑटोवर सोडलं की काळ्या पडद्यापुढे गायकाचा चेहरा पांढराफटक होतो.

फुल फ्रेम (३६ मिमी रुंद सेन्सरच्या) कॅमेऱ्याला ७०-२०० मिमीची एफ २.८ झूम लेन्स लावली, तर १५ मीटरवरून ७० ला सुमारे पावणेआठ मीटर रुंदीचा स्टेज मावतो आणि २०० ला एकटा बसलेला कलाकार. कार्ड १२८ जीबीचं पुरतं: ५० एमबीपीएसला (सेकंदाला ५० मेगाबिट) तासाला साधारण साडेबावीस जीबी लागतात. ट्रायपॉड फ्लुइड हेडचाच, म्हणजे कॅमेरा झटके न देता फिरवणाऱ्या माथ्याचाच, घ्या.

जुळवणी

रेकॉर्डरचा आवाज नंतर एडिटिंगमध्ये चित्राशी जुळवावा लागतो. त्यातली ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. १५ मीटरवरच्या कॅमेऱ्यापर्यंत आवाज जवळपास एक फ्रेम उशिरा पोहोचतो. कॅमेऱ्याच्या आवाजाला धरून मिक्सरचा ट्रॅक जुळवलात, तर तबल्यावर बोट आधी पडतं आणि बोल मागून येतो. ट्रॅक एक फ्रेम आधी सरकवा.

वर्षाला दोन-तीनच कार्यक्रम असतील तर लेन्स भाड्याने घ्या, रेकॉर्डर मात्र स्वतःचा असू द्या. आमच्याकडे येताना स्टेजपासून शेवटच्या रांगेपर्यंतचं अंतर मोजून आणा आणि मिक्सरच्या मागच्या बाजूचा फोटो काढून आणा. कोणती केबल लागेल ते त्यावरूनच कळतं.