वाघिणीला गंज, भिंतीला शेवाळ: रेल्वे मॉडेलसाठी चित्रकलेचं साहित्य कसं वापरावं

खोक्यातून काढलेली वाघीण (रेल्वेचा मालडबा) कितीही अचूक बनवलेली असली तरी खेळणंच वाटते, कारण प्लॅस्टिक चकाकतं आणि रंग सगळीकडे एकसारखा असतो. हे घालवायला एअरब्रश लागत नाही. सॉफ्ट पेस्टलच्या चार कांड्या, गॉशच्या (अपारदर्शक जलरंगाच्या) दोन-तीन ट्यूब, वॉटरप्रूफ काळी शाई आणि मॅट वॉर्निशचा स्प्रे एवढ्यात बहुतेक काम भागतं. खालची सगळी मापं एचओ प्रमाणाच्या, म्हणजे खऱ्याच्या १:८७ आकाराच्या मॉडेलसाठी आहेत.

काय घ्यावं

सर्वांत जास्त घोळ पेस्टलमध्ये होतो. शाळेच्या यादीत असतात ते ऑइल पेस्टल. ते मेणकट असल्यामुळे त्यांची पावडर होत नाही, नुसता चिकट गाळ होतो. फळ्यावरचा खडूही नको. त्यात रंगद्रव्य नावापुरतंच असतं आणि वॉर्निश मारताच तो गायब होतो. सॉफ्ट पेस्टलच मागा: बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर, रॉ अंबर आणि काळा. ४८ रंगांचा डबा घेऊ नका, गुलाबी-जांभळ्या कांड्या तशाच पडून राहतील. आमच्या दुकानात कांड्या सुट्याही देतो. कांडी २२० नंबरच्या पॉलिश पेपरवर घासायची आणि पावडर चहाच्या जुन्या गाळणीतून गाळून घ्यायची. खडा राहिला तर मॉडेलवर रेघ उठते.

तयारी

चाकं आणि कपलिंग काढून ठेवा. मॉडेल कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब घालून धुवा आणि रात्रभर वाळू द्या. साच्याचं तेल किंवा बोटांचा तेलकटपणा राहिला तर वॉश (पाण्यासारखा पातळ रंग) पसरत नाही, थेंब-थेंब होऊन उभा राहतो.

पहिला हात शाईच्या वॉशचा. ७० टक्क्यांच्या १०० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये शाईचे साधारण २० थेंब. काही शाया अल्कोहोलमध्ये फाटतात, म्हणून आधी बशीत थोडं मिसळून बघा. अल्कोहोलने अॅक्रिलिक रंग आणि छापील अक्षरंही सुटू शकतात, तेव्हा पहिला थेंब मॉडेलच्या पोटाखाली. वॉश फळ्यांच्या सांध्यात आणि रिव्हेटभोवती आपोआप जाऊन बसतो. ब्रशने मागे-पुढे करत बसलात तर डाग पडतात.

वॉश वाळला की मॅट वॉर्निश: २५ ते ३० सेंमी अंतरावरून दोन पातळ हात, मध्ये २० मिनिटं. हा हात चुकवू नका. गुळगुळीत प्लॅस्टिकवर पावडर टिकत नाही, वॉर्निशच्या खरखरीतपणात ती अडकते. क्रम उलटा करून वॉर्निशवर अल्कोहोलचा वॉश दिला तर पांढुरकी झाक येते. (उन्हाने विटलेला रंग दाखवायला काहीजण मुद्दाम तसं करतात, पण तो पुढचा धडा.) पावसाळ्यात दमट हवेमुळेही वॉर्निश दुधाळ पडतो. जून ते सप्टेंबर उघडीप बघूनच फवारा. दुधाळ पडलाच, तर कोरड्या दुपारी आणखी एक पातळ हात दिल्यावर बहुधा सुटतो.

वाघीण

उदाहरण कोळशाच्या बॉक्सएनचं, म्हणजे भारतीय रेल्वेच्या उघड्या वाघिणीचं घेऊ. खरी वाघीण सुमारे १०.७ मीटर लांब, म्हणजे मॉडेलमध्ये १२३ मिमी. कोळसा भरताना आणि टिपलर यंत्रावर उलटवताना आतला रंग घासून जातो, म्हणून रिकाम्या बॉक्सएनचा आतला भाग बाहेरच्यापेक्षा जास्त गंजलेला हवा. आत बर्न्ट अंबर गॉशचा हात द्या, वाळल्यावर स्पंजच्या तुकड्याने बर्न्ट सिएना टिपा आणि कोपऱ्यांत काळी पावडर लोटा.

बाहेर हात राखून. जुना गंज गडद तपकिरी असतो, नारिंगी फक्त ताज्या ओरखड्यावर आणि तोही टाचणीच्या टोकाएवढा. सगळी वाघीण नारिंगी करणं ही नवशिक्यांची ठरलेली चूक. ओघळासाठी बर्न्ट अंबर ऑइल कलर पुठ्ठ्यावर अर्धा तास ठेवा, जादा तेल पुठ्ठा शोषून घेतो. उभ्या पट्ट्यांच्या पायथ्याशी, वाकलेल्या पत्र्याच्या कडेला बारीक ठिपका द्या. मग चपटा ब्रश व्हाइट स्पिरिटमध्ये (ऑइल कलर पातळ करायच्या द्रावणात) बुडवून कापडावर पुसा आणि ठिपका वरून खाली एकाच ओढीत ओढा. दोन-तीन दिवस हात लावू नका. बॉक्सएनएचएलचं, म्हणजे बॉक्सएनच्याच नंतरच्या प्रकाराचं मॉडेल असेल तर मात्र थांबा. तिची बॉडी स्टेनलेस स्टीलची, तिच्यावर गंजाचे ओघळ काढलेत तर रेल्वेतला माणूस हसेल. तिला कोळशाची काजळी आणि धूळ पुरे.

चाकांच्या बाजूंना बर्न्ट अंबर चालेल, पण रुळावर टेकणारा भाग लख्ख हवा. अॅक्सलच्या टोकाशी पावडर शिरली तर वाघीण अडखळते. बसवून झाल्यावर काचेवर ढकलून बघा.

इमारती

कोकणातल्या कौलारू स्टेशनची कळा तिथल्या पावसाने ठरते. वळचणीचं पाणी जांभ्याच्या मातीवर आपटतं आणि तांबडे शिंतोडे भिंतीवर फूट-दीड फूट उडतात. मॉडेलवर हा पट्टा साडेतीन ते पाच मिमीचा. बर्न्ट सिएनाची पावडर खालून वर थोपटा, वरची कड धूसर सोडा. पट्टा फक्त पागोळ्या पडतात त्या भिंतींना, फलाटाच्या छपराखालच्या भिंतीला नाही. खिडकीच्या सज्जाच्या दोन्ही टोकांखाली काळपट ओघळ येतात. शेवाळ हिरवंगार दाखवायचं ते पावसाळ्याच्या देखाव्यातच, उन्हाळ्यात ते वाळून काळं पडतं.

छपरावर सरसकट वॉश दिल्यावर वॉटरकलर पेन्सिलने सुटी कौलं रंगवा. दहातलं एखादं गडद, आणि कुठेतरी तीन-चार कौलं शेजारी शेजारी भडक नारिंगी, जणू गेल्याच महिन्यात बदललेली.

पुठ्ठ्याच्या किटला पाणी लागलं की तो वाकतो. आधी आतून-बाहेरून वॉर्निश, मगच गॉश.

पक्कं करणं आणि चुका निस्तरणं

शेवटच्या वॉर्निशखाली पावडरचा जवळपास अर्धा परिणाम विरतो, फिक्या रंगांचा त्याहून जास्त. म्हणून पावडर, हलका फवारा, पुन्हा पावडर असं करा. इमारतीला फारसा कुणी हात लावत नाही, तिथे शेवटचा फवारा नाही मारला तरी चालतं.

फवारा मारण्याआधी गॉश आणि पेस्टल ओल्या फडक्याने पुसता येतात. ऑइल कलर ओला असेतो व्हाइट स्पिरिटने निघतो. वॉटरप्रूफ शाई वाळली की निघत नाही, म्हणून पातळच ठेवा.

पावडर तोंडाने फुंकू नका, ब्रशने झटका आणि मास्क लावा. अल्कोहोल, स्पिरिट आणि स्प्रे तिन्ही पेट घेतात. गॅलरीत किंवा उघड्या खिडकीशी काम करा, देवघरातल्या समईपासून आणि गॅसपासून लांब. उरलेली पावडर औषधाच्या रिकाम्या डब्यांत रंगाचं नाव लिहून ठेवा, वर्षानुवर्षं टिकते.