पार्श्वभूमी : चिप डिझाइनची सामाईक भाषा

चिपचं डिझाइन एकाच सॉफ्टवेअरमध्ये पुरं होत नाही. सर्किट एकीकडे काढायचं, चाचणी दुसरीकडे, लेआउट तिसरीकडे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत डेझी, मेंटॉर, व्हॅलिड अशा कंपन्या आपापली यंत्रणा विकत होत्या आणि प्रत्येकीची फाईल तिची तिलाच वाचता यायची. मग दर जोडीसाठी रूपांतर करणारा प्रोग्राम लिहायचा. दहा सॉफ्टवेअर असतील, तर दोन्ही दिशा धरून नव्वद प्रोग्राम!

शेवटच्या टप्प्यापुरता प्रश्न सुटला होता. कॅल्मा कंपनीच्या १९७८च्या जीडीएस-टू फॉरमॅटमध्ये आकृत्या आणि त्यांचे थर असतात. मास्क, म्हणजे चिपवर आकृत्या छापायचे साचे, बनवायला तेवढं पुरतं, म्हणून तो आजही चालतो. पण कोणती तार कशाला जोडली आहे, हे त्यातून कळत नाही.

१९८३ मध्ये डेझी, मेंटॉर, मोटोरोला, नॅशनल सेमिकंडक्टर, टेक्ट्रॉनिक्स, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स आणि बर्कलीचं विद्यापीठ यांनी मिळून एडिफ हा फॉरमॅट हाती घेतला. एकाच गिऱ्हाइकासाठी झुंजणाऱ्या डेझी आणि मेंटॉर यासाठी एकत्र बसल्या, हे मला फार मोलाचं वाटतं. त्याची मांडणी लिस्प या प्रोग्रामिंग भाषेसारखी कंसांनी भरलेली. १९८७ची २.०.० आवृत्ती सर्वदूर पोचली. मात्र तिने व्याकरण पक्कं केलं आणि अर्थ सैल सोडला. एकच सर्किट दोन-तीन तऱ्हांनी लिहिलं, तरी नियमात बसायचं. त्यामुळे प्रत्येक कंपनीचा एडिफ थोडा निराळा झाला आणि मधले दुरुस्तीचे प्रोग्राम काही सुटले नाहीत. १९९३च्या ३.०.० आवृत्तीत एक्सप्रेस या भाषेत अर्थही काटेकोर मांडला गेला, पण तोवर लोकांच्या हातात जुनीच आवृत्ती रुळली होती.

माझ्या मते खरी कलाटणी मिळाली ती ओपनॲक्सेस या सामाईक डेटाबेसमुळे. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सीएडी फ्रेमवर्क इनिशिएटिव्हचं नाव पुढे सिलिकॉन इंटिग्रेशन इनिशिएटिव्ह झालं. या संस्थेकडे २००० नंतर केडन्स या चिप-डिझाइन सॉफ्टवेअरच्या कंपनीने आपलं डेटाबेस-तंत्र सोपवलं आणि त्यातून ओपनॲक्सेस उभं राहिलं. आता फाईल कशी लिहायची एवढ्यावर न थांबता, डेटा मागायची सी प्लस प्लस फंक्शन्स आणि ती चालवणारा कोडच सामाईक झाला. कोड एकच असल्यावर अर्थाचे फाटे फुटायला जागा कमी उरते.

तरी सगळे आले नाहीत. सिनॉप्सिस या केडन्सच्या स्पर्धक कंपनीने आपला मिल्कीवे डेटाबेस पुढे केला. ओपनरोड हा अलीकडचा मुक्त-स्रोत चिप-डिझाइन प्रकल्पही आत ओपनडीबी हा स्वतःचा डेटाबेस वापरतो आणि बाहेरच्या सॉफ्टवेअरशी देवाणघेवाण करायला केडन्सचे जुने लेफ-डेफ फॉरमॅट.