वायफाय दिसत नाही? आधी कर्नल काय म्हणतंय ते ऐका

लिनक्स टाकलं, आवाज येतोय, स्क्रीन झकास, फक्त वायफायचं चिन्ह गायब. मग आपण काय करतो तर कुठून तरी पाच कमांड उचलून एकामागोमाग एक टर्मिनलमध्ये चिकटवतो, आणि चाललंच तर कशामुळे चाललं ते कळत नाही, नाही चाललं तर मूळचा बिघाड कुठला आणि आपण करून ठेवलेला कुठला तेही कळत नाही. मी हे सगळं केलंय म्हणून सांगतोय.

मुळात वायफाय म्हणजे मडक्यांची उतरंड आहे. तळाला चिप, चिपच्या आत चालणारा छोटा प्रोग्राम म्हणजे फर्मवेअर, त्यावर कर्नलमधला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला, चिपशी बोलणारा ड्रायव्हर, मग बऱ्याच ड्रायव्हरांना सामायिक असलेला मॅक८०२११ नावाचा थर (हा २००७ साली कर्नलमध्ये आला, त्याआधी जो तो आपापली चूल मांडून बसलेला), आणि सगळ्यात वर पासवर्ड विचारणारा नेटवर्क मॅनेजर. यातलं कुठलंही मडकं फुटलं तरी वरून दिसतं एकच, नेट नाही.

म्हणून खालून वर जायचं. आधी टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय (lspci) किंवा यूएसबीला लावायचा वायफाय डोंगल असेल तर एलएसयूएसबी (lsusb) चालवून चिपचा आयडी बघा. त्यातला पहिला आकडा कंपनीचा असतो, म्हणजे ८०८६ दिसलं की इंटेल. डब्यावरच्या नावावर मात्र जाऊ नका, एकाच मॉडेलच्या नावाखाली आतली चिप बदललेली असू शकते. काही डोंगल तर लावल्या लावल्या स्वतःला सीडी ड्राइव्ह म्हणवतात, कारण त्यांच्या पोटात विंडोजचा ड्रायव्हर भरलेला असतो, मग त्यांना यूएसबी मोडस्विच नावाच्या टूलने भानावर आणावं लागतं.

यानंतर डीमेसेज (dmesg) ही कमांड, म्हणजे कर्नलची रोजनिशी. लोक ही वाचतच नाहीत आणि खरं उत्तर बहुतेक वेळा इथेच असतं! फर्मवेअर लोड करताना एरर उणे २ आला तर त्याचा अर्थ फक्त एवढाच की फाइल सापडली नाही, ड्रायव्हर बिचारा ठीक आहे, फर्मवेअरचं पॅकेज टाका. उणे ११० आला तर चिपने वेळेत उत्तर दिलं नाही, ही जरा खोल भानगड. डेबियन या लिनक्सच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये असलं बंद, म्हणजे सोर्स कोड खुला नसलेलं, फर्मवेअर २०२३ च्या आवृत्ती १२ पासून यायला लागलं, त्याआधी वायफाय चालू करायला लागणारी फाइल उतरवायलाच नेट हवं अशी गंमत होती.

आता प्रायोगिक ड्रायव्हर. कर्नलमध्ये स्टेजिंग नावाचा एक कोपरा आहे, कर्नलचे एक प्रमुख डेव्हलपर ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी २००८ मध्ये केलेला, तिथे अजून कच्चा असलेला कोड ठेवतात. तिथला ड्रायव्हर लोड केला की कर्नल सरळ लिहितं, याच्या दर्जाचा भरवसा नाही, सांगून ठेवलंय, आणि स्वतःवर सी अक्षराचा डाग लावून घेतं. हा सी म्हणजे क्रॅप, मराठीत कचरा. इतका प्रामाणिकपणा मला तरी दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये दिसला नाही.

असा ड्रायव्हर जोडला जातो पण सारखा तुटतो, तेव्हा पहिला संशय पॉवर सेव्हवर, म्हणजे वीज वाचवायला चिपला डुलकी घ्यायला लावणाऱ्या सेटिंगवर घ्या, आयडब्ल्यू (iw) कमांडने ते बंद करून बघा. नेटवर्क मॅनेजर स्कॅन करताना मॅक पत्ता, म्हणजे वायफाय कार्डाचा ओळख क्रमांक, बदलत राहतो, त्यानेही काही कच्चे ड्रायव्हर गोंधळतात. शेजारच्यांची नेटवर्कं दिसतात आणि आपलंच दिसत नाही असं असेल तर राउटर १२ किंवा १३ नंबरच्या चॅनेलवर आहे का बघा, देशाची सेटिंग चुकली की ते चॅनेल बंद असू शकतात. पण एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि बदलली की रोजनिशी परत वाचा.

माझा एक डोंगल दोन संध्याकाळी असाच तुटत होता. ड्रायव्हर तीनदा कंपाइल केला, कर्नल बदललं, शिव्या घातल्या त्या वेगळ्याच. शेवटी लक्षात आलं की शेजारच्या पोर्टला यूएसबी ३ ची हार्ड डिस्क लावली की मगच तुटतं. यूएसबी ३ च्या वायरीतून निघणारा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो, इंटेलनेच २०१२ मध्ये यावर पेपर काढलेला. डोंगल एक्स्टेंशन केबलने हातभर लांब नेला, आणि तोच कचरा ड्रायव्हर मुकाट चालायला लागला.