उधारी, चेक आणि देणगी : मुदती सांभाळण्यासाठी आमच्या ग्राहकांना

सोलापुरात धंदा ओळखीवर चालतो. टॉवेलचा कारखानदार आणि पेठेतला व्यापारी यांचा व्यवहार अनेकदा वडिलांच्या काळापासूनचा असतो. तिथे शब्दाला किंमत आहे आणि ती राहावी असेच आम्हाला वाटते. तरीही आमच्याकडे येणाऱ्या प्रकरणांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते : कागद होता, हक्कही होता, पण मुदत निघून गेली होती. म्हणून हे पत्रक मुख्यतः मुदतींविषयी आहे.

उधारीचे पैसे

चादर-टॉवेल विणणारे, गणवेश शिवणारे, मजुरीवर कापड विणून देणारे, कडक भाकरी किंवा शेंगा चटणी पॅक करून विकणारे, या सर्वांना एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) विकास कायदा २००६ लागू होतो. अट एकच, उद्यम नोंदणी, म्हणजे सरकारकडे उद्योगाची नोंद, हवी. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगाची मर्यादा यंत्रसामग्रीत अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत उलाढाल अशी आहे. लघु उद्योगासाठी ती २५ कोटी आणि १०० कोटी. आपल्याकडचे बहुतेक यंत्रमाग आणि गारमेंट युनिट यात सहज बसतात. नोंदणी सरकारी संकेतस्थळावर मोफत होते. त्यासाठी फी मागणाऱ्या संकेतस्थळांवर पैसे भरू नका.

कायदा सांगतो तो हिशोब असा. लेखी करार नसेल तर माल स्वीकारल्यापासून १५ दिवसांत पैसे आले पाहिजेत. लेखी करार असेल तर ठरलेल्या दिवसात, पण ती मुदत ४५ दिवसांच्या पुढे जाऊ शकत नाही. करारात ९० दिवस लिहिले तरी कायदा ४५ च धरतो.

एक उदाहरण घेऊ. गणवेशाचे गठ्ठे ५ जूनला दुकानात पोचले. करार नाही, म्हणजे २० जूनपर्यंत पैसे यायला हवेत. ४५ दिवसांचा करार असेल तर २० जुलैपर्यंत. त्यानंतर रोज व्याज चढते आणि ते साधे व्याज नाही : रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ. माल खराब आहे, शिवण उसवली आहे, अशी तक्रार व्यापाऱ्याला करायची असेल तर ती माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी करावी लागते. तशी तक्रार आली नाही, तर माल पोचला त्याच दिवशी तो स्वीकारला असे धरतात. वर्षभराने फोनवर ‘तुमच्या मालात खोट होती’ असे म्हणणाऱ्याला इथे उत्तर आहे.

पण ५ जूनला माल पोचला, हे दाखवणार कसे? बहुतेक प्रकरणे इथेच अडतात. बिल असते, चलन असते, पण चलनावर फक्त हमालाची किंवा टेम्पोवाल्याची सही असते. घेणाऱ्याचे नाव, सही, दुकानाचा शिक्का आणि तारीख, या चार गोष्टी चलनाच्या तुमच्याकडे राहणाऱ्या प्रतीवर हव्यातच. ट्रान्सपोर्टने माल गेला असेल तर पावती आणि ई-वे बिल त्याच फाइलला लावा. बिलावर उद्यम क्रमांक छापून घ्या. ‘६० दिवसांत पैसे द्यावेत’ असे आपणच आपल्या बिलावर छापणे म्हणजे करार नव्हे; समोरच्याची सही नसेल तर ते तुमच्याच विरुद्ध वापरले जाण्याची शक्यता जास्त.

नोंदणी माल देण्याआधीची हवी. थकबाकी झाल्यावर नोंदणी करून जुन्या बिलांवर हा हक्क मागता येईल, यावर विसंबू नका. त्या मुद्द्यावर न्यायालयांत बराच वाद झाला आहे.

थकीत पैशांसाठी सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. आधी समझोत्याचा प्रयत्न होतो, तो फसला तर लवाद. कायद्यात निकालासाठी ९० दिवस लिहिले आहेत, प्रत्यक्षात त्याहून अधिक काळ जातो, हे आधीच सांगितलेले बरे. मात्र निकालाविरुद्ध जायचे असेल तर व्यापाऱ्याला आधी रकमेच्या ७५ टक्के भरावे लागतात. त्यामुळे अर्ज दाखल झाल्यावर बोलणी सुरू होतात, असा आमचा अनुभव आहे.

‘अर्ज केला तर गिऱ्हाईक तुटेल’ ही भीती आम्ही समजू शकतो. म्हणून आम्ही आधी खातेउतारा आणि साधे, आदराने लिहिलेले पत्र पाठवायला सांगतो. त्यात आणखी एक मुद्दा घालता येतो. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत आणि ३१ मार्चला बाकी राहिले, तर ती खरेदी व्यापाऱ्याला त्या वर्षीच्या आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. ज्या वर्षी पैसे देईल त्या वर्षी मिळते. हा नियम १ एप्रिल २०२४ पासून आला. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाल्यावर कलमाचा क्रमांक बदलतो, तरतूद राहते. शिवाय १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर त्या बिलावर घेतलेले जीएसटी क्रेडिटही (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) त्याला व्याजासह परत करावे लागते. पैसे देण्यात त्याचाही फायदा आहे, हे त्याच्या हिशोबनीसाला पटते.

या नियमामुळे ‘उद्यम रद्द करून घ्या, मगच माल घेतो’ असे काही व्यापारी म्हणतात. कृपया रद्द करू नका. कर्जात प्राधान्य आणि सरकारी खरेदीतल्या सवलती त्याच नोंदणीवर आहेत.

एक मर्यादा लक्षात ठेवा : नुसती खरेदी-विक्री करणाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळते, पण ती कर्जातल्या प्राधान्यापुरती. थकबाकीचा हा हक्क त्यांना नाही. त्यांच्यासाठी दिवाणी दावा, आणि त्याची मुदत साधारणपणे तीन वर्षे.

चेक परत आला तर

चेकची मुदत तीन महिने. बँकेचा परतीचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे, स्पीड पोस्टाने आणि योग्य पत्त्यावर. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस. तेही गेले की पुढच्या एका महिन्यात न्यायालयात तक्रार. ‘पुढच्या आठवड्यात देतो’ या शब्दावर ३० दिवस सहज निघून जातात. बोलणी चालू ठेवा, पण नोटीस पाठवून ठेवा.

भावाभावांची भागीदारी पेढी असेल तर ती नोंदवलेली आहे ना, हे एकदा पाहा. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार नोंदणी नसलेली पेढी आपल्या व्यवहारातल्या वसुलीसाठी दुसऱ्यावर दावा लावू शकत नाही.

संस्था, ट्रस्ट आणि मंडळांसाठी

विश्वस्त बदलला, वारला, कार्यालयाचा पत्ता बदलला, तर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा असतो. आमच्याकडे येणाऱ्या संस्थांची सर्वांत मोठी अडचण हीच आहे. निवडणूक होते, ठराव होतो, हार-तुरे होतात आणि अर्ज राहून जातो. मग दप्तरी अजूनही दिवंगत अध्यक्षांचेच नाव, बँक सही बदलून देत नाही, अनुदान अडकते. जितकी वर्षे जातात तितके जुने ठराव आणि सभेच्या नोटिसा गोळा करणे कठीण होते. प्रत्येक सभेचे इतिवृत्त सह्यांसह त्याच महिन्यात वहीत उतरवा.

ट्रस्टची जमीन किंवा इमारत विकण्यासाठी धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. शेतजमीन दहा वर्षांहून अधिक किंवा बिगरशेती जागा तीन वर्षांहून अधिक काळ भाडेपट्ट्याने देण्यासाठीही लागते. कर्ज काढण्यासाठीसुद्धा. परवानगीशिवाय झालेले खरेदीखत टिकत नाही.

गणेशोत्सव, शिवजयंती, आंबेडकर जयंतीसाठी वर्गणी काढणाऱ्या नोंदणी नसलेल्या मंडळांनी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याच्या कलम ४१सी खालची परवानगी वर्गणी सुरू करण्याआधी घ्यावी.

देणगीची पावती फाडताना देणगीदाराचा पॅन लगेच घ्या. ८०जी नोंदणी (देणगीदाराला आयकरात वजावट मिळवून देणारी) असलेल्या संस्थेने वर्षभराच्या देणगीदारांची यादी ३१ मेपर्यंत आयकर विभागाकडे भरायची असते. उशिराला दिवसाला २०० रुपये. ती भरल्यावरच देणगीदाराला प्रमाणपत्र मिळते, आणि त्याशिवाय त्याची वजावट अडते. दोन हजारांवरची रोख देणगी, धान्य किंवा कपड्यांच्या रूपातली मदत यांवर वजावट नाही. नव्या करप्रणालीत गेलेल्या देणगीदारालाही ती मिळत नाही. हे आधीच सांगा, नंतर गैरसमज होतात.

आयकर नोंदणीचे प्रमाणपत्र काढून शेवटचे वर्ष पाहा. २०२१ च्या फेरनोंदणीत पाच वर्षांची मंजुरी मिळालेल्या संस्थांची मुदत ३१ मार्च २०२६ पर्यंतची. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याआधी किमान सहा महिने करायचा असतो. तो राहून गेल्यास संस्थेच्या निव्वळ मालमत्तेवरच कर बसू शकतो. शाळा-वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेला ते झेपणारे नाही. उशीर झाला असला तरी सबळ कारणासह माफी मागता येते, तेव्हा लपवू नका, या.

कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक कामांसाठीचा) निधी हवा असेल तर वेगळी नोंदणी लागते. परदेशातून, अगदी परदेशी नागरिकत्व घेतलेल्या गाववाल्याकडूनही, देणगी घ्यायची असेल तर एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) खालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतले खाते आवश्यक. त्याआधी एक रुपयाही घेऊ नका.

आमच्याकडे येताना

वसुलीसाठी : बिले, सही-शिक्क्याची चलने, खातेउतारा, उद्यम प्रमाणपत्र, झालेले व्हॉट्सअ‍ॅप संदेश. मोबाइल बदलण्याआधी ते संदेश जपून ठेवा. चेकसाठी : मूळ चेक आणि मेमो, मिळाल्या दिवशीच. संस्थेसाठी : नोंदणी प्रमाणपत्र, घटना, परिशिष्ट एकचा उतारा (धर्मादाय कार्यालयातली संस्थेची नोंद), इतिवृत्त वही आणि शेवटचे तीन लेखापरीक्षण अहवाल. कागद अपुरे असले तरी या. काय कमी आहे हे पहिल्याच भेटीत सांगू, आणि मुदत संपलीच असेल तर तेही स्पष्ट सांगू.