फोंते फिनिक्स, पणजी

आल्तिनो टेकडीच्या पायथ्याशी, मळा भागात मारुती मंदिराच्या खालच्या अंगाला असलेली बांधीव झर. शेजारच्या फोंताइन्हास वस्तीला नाव मिळाले ते हिच्यावरूनच. मोझांबिकमध्ये पैसा कमावून परतलेल्या आंतोनियो जुआंव द सेकैरा याने 18व्या शतकाच्या अखेरीस या परिसरात माडांची बाग लावली. लोक त्याला ‘मोसमीकार’ म्हणत. वस्ती वाढली ती नंतर. पोर्तुगीज व्हाइसरॉय त्याआधीच, 1759 मध्ये, पणजीला राहायला आला होता आणि 1843 मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. खाडीकाठच्या भराव टाकलेल्या सखल जमिनीत विहिरीचे पाणी मचूळ निघण्याची भीती असते, म्हणून गोड्या पाण्यासाठी टेकडीच्या झरींना मोल आले. याच टेकडीच्या पायथ्याची दुसरी झर म्हणजे बोका द व्हाका. तिथे पाणी गाईच्या मुखातून पडे. देवळांच्या तळ्यांवर गोमुख पाहत आलेल्या गोमंतकीयांना पोर्तुगीज अमलातले ते बांधकाम परके वाटले नसावे.

अशा झरीला पंप लागत नाही. टेकडीचा माथा जांभ्याचा, म्हणजे सच्छिद्र चिऱ्याचा. गोव्यात वर्षाला सुमारे 3,000 मिमी पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. हे पाणी चिऱ्यातून मुरत खालच्या पिठूळ चिकण थरापर्यंत जाते, तिथे अडते आणि उताराच्या बाजूने पायथ्याशी बाहेर पडते. बांधकाम करणारा तेवढेच पाणी टाकीत धरतो, गाळ खाली बसू देतो आणि वरचे निवळ पाणी पुढे सोडतो. दर्शनी भिंत, कमान आणि गिलावा यांनी शोभा येते. झर मात्र टिकते ती मागच्या टेकडीवर, आणि जतनाच्या कामात नेमके हेच विसरले जाते. माथ्यावर काँक्रीट आणि फरशी वाढली की मुरणारे पाणी गटारात जाते, आणि त्याचा परिणाम दिसतो तो एप्रिल-मेमध्ये. धार मोजणे सोपे आहे. 20 लिटरची बादली 40 सेकंदांत भरली तर मिनिटाला 30 लिटर पाणी येते. दर महिन्याला एकाच ठिकाणी अशी नोंद ठेवली तर झर आटते आहे की फक्त तोंड गाळाने बुजले आहे, हे कळते.

सर्वांत जास्त नुकसान सिमेंटने होते. चिऱ्याच्या भिंतीतून ओल सतत बाहेर येत असते. सिमेंटचा गिलावा ती कोंडतो, क्षार मागे साचतात आणि पापुद्रे सुटताना चिऱ्याचा पृष्ठभागही सोबत घेऊन येतात. म्हणून सांधे सुमारे 2 सेंमी खोल खरवडून, धुऊन, ओले करून त्यांत एक भाग मुरवलेला चुना व तीन भाग चाळलेली वाळू भरावी आणि काही दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवावे. हे काम पावसाळा सरल्यावर, नोव्हेंबरपासून हाती घेतले तर चुना जूनपूर्वी घट्ट होतो. पिंपळाचे रोप नुसते उपटल्यास मूळ आत राहते आणि पुन्हा फुटते. मूळ शिरले असेल तिथले चिरे सोडवून मूळ काढावे आणि चिरे पुन्हा चुन्यात बसवावेत.

खांडेपार नदीवरील ओपा प्रकल्पाचे पाणी नळाने येऊ लागले, तशी अशा झरींवरची गर्दी ओसरली. उतारावर घरे आणि शौचालयांचे शोषखड्डे असतील तर चिऱ्याच्या भेगांतून मैलापाणी झरीपर्यंत पोहोचू शकते. पाणी काचेसारखे स्वच्छ दिसले तरी प्रयोगशाळेत जंतूंची तपासणी झाल्याशिवाय पिऊ नये. टाकीत ब्लीचिंग पावडर टाकून हा प्रश्न सुटत नाही, कारण वाहते पाणी ती वाहून नेते. जादा पाण्याची वाटही मोकळी लागते. मळा सखल आहे. भरतीच्या वेळी मोठा पाऊस आला की पाण्याचा निचरा थांबतो, टाकी मागे तुंबते आणि नाल्यातला गाळ उलटा आत शिरतो. त्यामुळे मे महिन्यात टाकी उपसण्याआधी तिच्या खालचा नाला उपसावा लागतो.