९४ वर अडकलेला स्पीड: कंपनी खरंच कापते का?

"३०० एमबीपीएसचा प्लॅन घेतला, स्पीड टेस्टवर ९४च दिसतात. कंपनीवाले मधल्यामध्ये कापतात!" फायबर घरोघरी आल्यापासून हे ऐकतोय. कंपन्यांची वकिली करायची मला हौस नाही, पण केबल लावून मोजल्यावर नेमके ९४ दिसले, तर चोर बहुधा घरातच असतो.

राउटर आणि कॉम्प्युटर जोडणाऱ्या लॅन केबलच्या पोटात आठ तारा असतात, म्हणजे चार जोड्या. १०० एमबीपीएसला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, चारही लागतात. एखादी तार टोकाच्या कनेक्टरमध्ये नीट बसली नाही, की राउटर आणि कॉम्प्युटर बहुतेक वेळा गुपचूप १०० वर उतरतात. त्यातले पाच-सहा डेटाच्या पाकिटांवरचे पत्ते वगैरे लिहिण्यातच जातात. उरले ९४.

आमच्या ऑफिसात तपकिरी तार जरा आखूड कापली गेली होती, टोकापर्यंत पोचतच नव्हती. कनेक्टर कापून नवा क्रिंप केला, म्हणजे दाबून बसवला, लगेच २८० च्या वर.

राउटरचे पोर्टच, म्हणजे केबल खोचायच्या खाचाच, १०० एमबीपीएसचे असतील तर मात्र केबल बदलून काही होणार नाही. स्वस्त राउटरांत ते सर्रास असतात. तेव्हा महागडा प्लॅन घेण्याआधी खोक्यावर 'गिगाबिट' लिहिलंय का, ते वाचा.