हेमलॉकवरील लोकरी कीड : नियंत्रण

उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातील हेमलॉक या सदाहरित सूचिपर्णी वृक्षांचा जीव घेणाऱ्या परकीय किडीला आवर घालण्याचे उपाय. अडेल्जीस त्सुगी हे या किडीचे शास्त्रीय नाव. ती पूर्व आशियात आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यालगत मूळचीच आहे व तिथे फारसे नुकसान करत नाही. पूर्वेकडे पसरलेला वाण दक्षिण जपानमधून आलेला असून १९५१ मध्ये व्हर्जिनियातील रिचमंडजवळ त्याची पहिली नोंद झाली. ग्रेट स्मोकी पर्वतात तो २००२ मध्ये आणि कॅनडातील नोव्हा स्कोशियात २०१७ मध्ये आढळला.

कीड दीड मिलिमीटरहूनही लहान, माव्याची दूरची नातलग. फांदी उलटी करून पाहिली की सुईसारख्या पानांच्या बुडाशी कापूस चिकटल्यासारखे पांढरे पुंजके दिसतात. ते मेणाचे धागे असून अंडी त्यांच्या आत असतात. पानाच्या बुडाशी सोंड खुपसून कीड फांदीत साठलेले अन्न शोषते. नवे कोंब फुटेनासे होतात, पाने गळतात आणि बहुधा ४ ते १० वर्षांत झाड वाळते. पूर्वेकडे सगळ्या माद्याच; नराविना अंडी घालतात. त्यामुळे वाऱ्याने, पक्ष्याच्या पायाला चिकटून किंवा रोपवाटिकेतील रोपांबरोबर आलेले एखादे पिल्लूही नवी वसाहत वसवू शकते.

एकेक झाड वाचवणे आज अवघड नाही. इमिडाक्लोप्रिड या आंतरप्रवाही (झाडाच्या आत भिनणाऱ्या) कीटकनाशकाची बुंध्याशी आळवणी केली, म्हणजे ते पाण्यात मिसळून मातीत ओतले, की झाडाला अनेक वर्षे संरक्षण मिळते, पण मोठ्या झाडात ते शेंड्यापर्यंत पोहोचायला कित्येक महिने लागतात. झाड अगदी टेकीला आले असेल तर काही आठवड्यांत लागू पडणारे डायनोटेफ्युरान वापरतात; त्याचा असर मात्र लवकर ओसरतो. हेमलॉक ओढ्याकाठी वाढतो, त्याच्या सावलीत पाणी थंड राहते व त्यावर ट्राउट मासे जगतात. म्हणून पाण्याजवळ आळवणी टाळून औषध खोडात टोचतात. कोमेजलेल्या झाडाला नत्रखत घालण्याचा मोह होतो, पण त्याने किडीचेच पोषण होते.

डोंगरच्या डोंगर असे औषध पाजता येत नाहीत, म्हणून मित्रकीटकांवर भर आहे. पश्चिम किनाऱ्यावरचा लॅरिकोबियस निग्रिनस हा भुंगेरा २००३ पासून पूर्वेत सोडला जातो. त्याचे वेळापत्रक किडीशी चपखल जुळते: कीड उन्हाळ्यात सुप्त राहून हिवाळ्यात खाते, तसाच हाही थंडीत जागा असतो आणि याच्या अळ्या तिची अंडी फस्त करतात. मात्र वसंतात वाढणारी किडीची दुसरी पिढी त्याच्या तावडीतून निसटते. ती उणीव भरण्यासाठी ल्युकोटॅरॅक्सिस वंशाच्या रुपेरी माश्या सोडल्या जात आहेत. भुंगेऱ्यांना भक्ष्य उरावे म्हणून काही झाडे मुद्दाम औषधाविना ठेवतात. हे ऐकायला क्रूर वाटते, पण भक्ष्यच संपले तर भुंगेरेही टिकत नाहीत. रसायन म्हणजे मित्रकीटकांचा जम बसेपर्यंत काढलेला वेळ, इतकेच.

विरळणी करून झाडांना जास्त ऊन मिळू देण्याचे प्रयोगही चालू आहेत. कॅरोलिना हेमलॉकचा चिनी हेमलॉकशी संकर साधला असून तो किडीला बराच प्रतिकार करतो. पूर्वेत सर्वाधिक पसरलेल्या ईस्टर्न हेमलॉकशी मात्र असा संकर जमलेला नाही.